पंखे वाढवण्याआधी हवेची वाट मोकळी करा

एप्रिल लागला की डेस्कटॉप संगणकांच्या तक्रारींचा सूर बदलतो. सकाळी नीट चालणारे यंत्र दुपारी दोनच्या सुमारास जड पडते. लग्नाच्या व्हिडिओचे रेंडरिंग रेंगाळते, डीटीपीवाल्याची मोठी फाईल उघडता उघडत नाही, सेवा केंद्रात दाखल्यांसाठी रांग लागलेली असताना पडदा गोठतो. मग निदाने सुरू होतात. व्हायरस असेल, रॅम कमी पडत असेल, विंडोज बिघडले असेल. कोणी फॉरमॅट मारून देतो, कोणी रॅम वाढवून देतो, कोणी सरळ नवे यंत्र घ्यायला सांगतो. संध्याकाळी गारवा आला की तेच यंत्र पुन्हा मुकाट कामाला लागते. पैसे गेलेले असतात आणि दुखणे होते तिथेच असते.

या दुखण्याचे मूळ पुष्कळदा सॉफ्टवेअरमध्ये नसून सीपीयूच्या पत्र्याच्या पेटीत असते. आत तयार झालेल्या उष्णतेला बाहेर पडायला धड वाट नसते, आणि बाहेरच्या हवेला आत यायला तर त्याहून नसते. बाजाराकडे यावर एक ठरलेले औषध आहे: आणखी पंखे. तिनाचे सहा, सहाचे नऊ, सगळे रंगीत दिव्यांचे. पण हवा येण्या-जाण्याची वाटच बंद असेल, तर कितीही पंखे लावले तरी ते तीच तापलेली हवा घुसळत बसतात. संगणक थंड ठेवायचा तर आधी वाट मोकळी करावी लागते. पंख्यांची मोजदाद त्यानंतरची.

प्रोसेसर तापला की जळतो, ही समजूत आता जुनी झाली. सप्टेंबर २००१ मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ या तंत्रविषयक प्रकाशनाने एक चाचणी चित्रित केली होती. ‘क्वेक ३’ हा खेळ चालू असतानाच प्रोसेसरवरचा हीटसिंक उचलून घ्यायचा आणि काय होते ते पाहायचे. एएमडीच्या ॲथलॉनमधून काही क्षणांत धूर निघाला आणि तो कायमचा गेला. इंटेलचा पेंटियम ३ गोठला, पण वाचला. पेंटियम ४ मात्र चालूच राहिला. खेळ अगदी रांगू लागला, आणि हीटसिंक जागेवर ठेवताच पुन्हा पहिल्यासारखा पळू लागला. तापमान हाताबाहेर जातेय असे दिसताच स्वतःचा वेग कमी करण्याची सोय त्या चिपमध्येच होती. आज ती प्रत्येक प्रोसेसरमध्ये आणि प्रत्येक ग्राफिक्स कार्डमध्ये असते.

दुखणे ओळखू येत नाही ते याच सोयीमुळे. यंत्र जळत नाही, धूर येत नाही, पडद्यावर इशारा झळकत नाही. फक्त काम हळू होते. इंटेलच्या अलीकडच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांसाठी ही लक्ष्मणरेषा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. एएमडीने २०२२ मधल्या रायझेन ७००० मालिकेतल्या बड्या प्रोसेसरांसाठी ती ९५ अंशांवर ठेवली. रेषा आली की वेग उतरतो, आणि ज्याने जास्त वेगासाठी जास्त पैसे मोजले त्याला तो वेग न मिळताच काम निभावून न्यावे लागते. हे नुकसान बिलात कुठे दिसत नसले तरी रोजच्या तासांतून वजा होत असते.

पेटीवर हा ताण कसा आला, हे समजायला आकडे पुरेसे आहेत. १९७८ चा इंटेल ८०८६ हा प्रोसेसर दोन-अडीच वॉटांत भागवत असे. त्याच्यावर ना हीटसिंक होता, ना पंखा. १९९३ मध्ये पहिला पेंटियम आला तो पंधराएक वॉटांचा, आणि प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा असणे हळूहळू रूढ झाले. १९९५ मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ ही मांडणी जाहीर केली. मदरबोर्ड कुठे, कार्डांच्या खाचा कुठे, एसएमपीएस कुठे, हे तिने ठरवून दिले, आणि आजही दुकानातले जवळपास प्रत्येक कॅबिनेट तिच्याच वंशातले असते. म्हणजे पेटीचा आराखडा पंधरा-वीस वॉटांच्या काळातला, आणि तिच्यातले रहिवासी आजचे.

हे न जुळणारे लग्न इंटेलच्याही लक्षात आले होते. २००४ मध्ये ‘प्रेस्कॉट’ जातीच्या पेंटियम ४ ने शंभर वॉटांची हद्द ओलांडली. त्याच वर्षी इंटेलने त्याच्या पुढचा ‘टेजास’ हा नियोजित प्रोसेसर रद्द केला. प्रोसेसर थेट पुढच्या हवेच्या झोतात येईल आणि हवा पुढून आत शिरून सरळ मागून बाहेर पडेल, अशी ‘बीटीएक्स’ नावाची नवी मांडणीही याच सुमारास बाजारात आली. काही मोठ्या कंपन्यांनी ती वापरली. पण २००६ मध्ये ६५ वॉटांचे कोअर २ डुओ आले, घाई ओसरली, आणि बीटीएक्स गुंडाळली गेली. आता आकडे पाहा. २०२२ चा कोअर आय९-१३९००के पूर्ण भाराखाली २५३ वॉटांपर्यंत जातो. त्याच वर्षीचे एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड ४५० वॉटांचे, आणि २०२५ च्या जानेवारीत जाहीर झालेले आरटीएक्स ५०९० तर ५७५ वॉटांचे. २००४ मध्ये ज्या शंभर वॉटांनी कंपनीला मांडणी बदलायला लावली, त्याच्या कितीतरी पट उष्णता आज त्याच जुन्या मांडणीच्या पेटीत सोडली जाते.

ही उष्णता वाहून नेणारी शेवटी फक्त हवा. एक घनमीटर हवेचे वजन साधारण १.२ किलो, आणि एक किलो हवा एका अंशाने तापवायला सुमारे हजार ज्यूल लागतात. समजा, संपादनाचे किंवा खेळाचे यंत्र ४०० वॉट उष्णता टाकते, आणि पेटीतून बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा दहा अंशांहून जास्त तापू द्यायची नाही. त्यासाठी मिनिटाला दोन घनमीटर, म्हणजे दोन हजार लिटर हवा पेटीतून वाहायला हवी. मध्यम आकाराच्या कॅबिनेटमध्ये मावते चाळीस-पन्नास लिटर. म्हणजे आतली सगळी हवा मिनिटाला चाळीस ते पन्नास वेळा बदलायची. हवा निम्मीच वाहिली तर तापमानातली वाढ दुप्पट होऊन वीस अंशांवर जाते. खोलीत ३८ अंश असतील तर बाहेर पडणारी हवा ५८ अंशांची. प्रोसेसरवरच्या पंख्याला मग हीच भट्टीतली हवा प्रोसेसरवर मारावी लागते, आणि त्याने कितीही घरघर केली तरी त्या हवेपेक्षा थंड काही त्याला मिळत नाही.

याच गणिताची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. घरातला किंवा कार्यालयातला साधा डेस्कटॉप, वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला, शंभर वॉटांच्या आत काम करतो. त्याला मिनिटाला अर्धा घनमीटर हवा पुरते. हळू फिरणारा, जेमतेम ऐकू येणारा एकच १२० मिलिमीटरचा पंखा ती देऊ शकतो. अट एकच: पुढून हवा येऊ दिली पाहिजे आणि मागून जाऊ दिली पाहिजे.

चाळीतल्या खोलीला समोरासमोर दोन खिडक्या असल्या की वारा खेळतो, आणि एकच खिडकी असली की छताचा पंखा पाचवर ठेवूनही जीव गुदमरतो. पेटीचेही तसेच आहे. तरीही बाजारातली कित्येक कॅबिनेटे एकाच खिडकीची असतात. समोर अखंड काच किंवा चकचकीत ॲक्रिलिक, तिच्यामागे रंग बदलणारे तीन पंखे, आणि त्या पंख्यांना हवा मिळावी म्हणून कडेला बोटभर फट. दुकानाच्या काउंटरवर ही पेटी डोळ्यांत भरते. घरी नेल्यावर ते तीन पंखे काचेवर डोके आपटत फिरतात.

काचेचा सोस जगभर होता आणि तो उतरलाही. एनझेडएक्सटी कंपनीने २०१९ मध्ये आणलेले एच५१० हे कॅबिनेट देखणे म्हणून खूप खपले. त्याचा पुढचा भाग बंद पत्र्याचा होता. हवेच्या अडवणुकीबद्दल परीक्षकांनी सतत बोट ठेवले, आणि २०२१ मध्ये त्याच कंपनीने तोच साचा जाळीदार तोंडासह ‘एच५१० फ्लो’ या नावाने विकायला काढला. त्याच वर्षी फ्रॅक्टल डिझाइन या स्वीडिश कंपनीचे ‘टोरंट’ आले: पुढे पूर्ण उघडी जाळी आणि तिच्यामागे १८० मिलिमीटरचे दोन भलेमोठे पंखे. मोठ्या कंपन्यांनी धडा घेतला आहे. आपल्याकडच्या स्वस्त पेट्यांपर्यंत तो अजून पुरता झिरपलेला नाही, आणि शाळेत, दुकानात, घरात येतात त्या याच पेट्या.

देखणेपणासाठी हवा अडवण्याची किंमत ॲपलनेही मोजली आहे, आणि एकदा नव्हे. १९८० मध्ये आलेल्या ॲपल ३ मध्ये पंखा नको, हा स्टीव्ह जॉब्ज यांचा हट्ट होता. उष्णता ॲल्युमिनियमच्या जाड तळातून निघून जाईल असा हिशेब होता. बंद पेटी आणि सर्किट बोर्डावरची दाटी यांमुळे यंत्रे बिघडू लागली, चिप खाचांतून सैल होऊ लागल्या. यंत्र टेबलापासून दोन-तीन इंच उचलून खाली सोडा, म्हणजे चिप पुन्हा बसतील, असा सल्ला ग्राहकांना देण्यापर्यंत वेळ आली. पुढे २०१३ मध्ये कंपनीने काळ्या दंडगोलाच्या रूपात मॅक प्रो आणला. मध्ये एक त्रिकोणी गाभा, वर एकच पंखा. कल्पना सुंदर होती, पण जास्त वॉटांचे ग्राफिक्स कार्ड त्यात बसवायला जागाच उरली नव्हती. २०१७ मध्ये कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी उष्णतेच्या बाबतीत स्वतःला कोपऱ्यात कोंडून घेतल्याचे पत्रकारांसमोर मान्य केले. २०१९ चा मॅक प्रो पुन्हा उभी चौकोनी पेटी होऊन आला. तिचे संपूर्ण तोंड छिद्रांचे होते आणि त्यामागे मोठे पंखे होते.

वाट मोकळी झाली की पंखे कुठे आणि कसे लावायचे, याला अर्थ येतो. रूढ आणि बिनचूक पद्धत साधी आहे: पुढचे आणि खालचे पंखे हवा आत ओढतील, मागचे आणि वरचे बाहेर टाकतील. पंख्याच्या चौकटीवर पुष्कळदा बाण असतो. नसला तर ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते, एवढे लक्षात ठेवले की पुरे. गरम हवा आपोआप वर जाते म्हणून छतावर पंख्यांची रांग लावण्याचा सल्ला हमखास मिळतो. गरम हवा वर जाते हे खरे, पण पेटीत ती ओढ इतकी क्षीण असते की सर्वात हळू फिरणारा पंखाही तिला सहज मोडून काढतो. उलट, छतावर अगदी पुढच्या बाजूला बाहेर फेकणारा पंखा लावला, तर पुढून नुकतीच आलेली थंड हवा प्रोसेसरपर्यंत पोहोचण्याआधीच तो वरून पळवून नेतो. छतावर पंखा लावायचाच असेल तर तो मागच्या जागेवर लावावा.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असावी, हेही आपल्या धुळीच्या मुलखात महत्त्वाचे. तसे असले की फटींतून हवा बाहेर झिरपते, आणि आत येणारी सगळी हवा जाळीच्या गाळणीतून येते. उलट असले की प्रत्येक फट धूळ ओढणारे तोंड बनते.

आवाजाचे गणितही पंख्यांच्या संख्येइतके सरळ नाही. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलनी उतरतो आणि पंख्याला लागणारी वीज आठव्या हिश्शावर येते. दोन सारखे पंखे शेजारी लावले तर आवाज वाढतो तो फक्त ३ डेसिबलनी. शिवाय १२० मिलिमीटरच्या पंख्याचे क्षेत्रफळ ८० मिलिमीटरच्या पंख्याच्या सव्वादोन पट असते. म्हणून किंचाळणाऱ्या एका छोट्या पंख्यापेक्षा शांत फिरणारे दोन मोठे पंखे केव्हाही बरे. चार तारांचा पंखा घेतला की मदरबोर्ड तापमानाप्रमाणे त्याचा वेग स्वतः सांभाळतो, आणि रात्री अभ्यास करणाऱ्याच्या कानाशी घरघर राहत नाही.

पाण्याचे कूलिंग बसवले की हे सगळे प्रश्न मिटतात, असे समजणारे बरेच जण आहेत. पाणी उष्णता प्रोसेसरपासून रेडिएटरपर्यंत नेते. तिथून पुढे ती हवेलाच न्यावी लागते. टॉवर कूलरमधल्या तांब्याच्या हीट पाइपचेही तेच. १९६३ मध्ये लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी घडवलेल्या या तंत्रात नळीतला थोडासा द्रव तापलेल्या टोकाला वाफ होतो, थंड टोकाला पुन्हा द्रव होतो आणि उष्णता झपाट्याने हलवतो. ती पातळ पत्र्यांच्या पापुद्र्यांवर पसरली की पुढचे काम पुन्हा पेटीतल्या हवेचे. महागडा रेडिएटर कोंडलेल्या कॅबिनेटमध्ये बसवणे म्हणजे पैसे घालून दुखणे जागेवरच ठेवणे.

याउलट, हवेची वाट नीट आखली तर किती थोडक्यात भागते, हे कार्यालयांतल्या जुन्या ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये पाहायला मिळते. डेलच्या ऑप्टिप्लेक्स मालिकेतल्या अनेक यंत्रांत प्रोसेसरवर प्लॅस्टिकचे एक आवरण असते. एक पंखा पुढून हवा घेतो, आवरण ती इकडेतिकडे सांडू न देता थेट हीटसिंकच्या पत्र्यांतून नेते आणि मागे सोडते. दिवे नाहीत, काच नाही, शोभा नाही. अशी यंत्रे वर्षानुवर्षे निमूट चालतात, कारण हवेचा एकही घोट वाया जात नाही.

पेटी चांगली असली तरी तिला कोंडणारे घरात आणि कार्यालयात बरेच काही असते. पहिला आरोपी संगणकाचे टेबल. सुताराने मोठ्या कौतुकाने सीपीयूसाठी खालच्या बाजूला कप्पा केलेला असतो. तिन्ही बाजूंनी प्लायवुड, मागची फळी भिंतीला टेकलेली, वायरींपुरते एक भोक, आणि पुढे दारही. मागच्या पंख्याने फेकलेली गरम हवा कप्प्यातच कोंडते आणि पुढच्या जाळीतून पुन्हा आत शिरते. दुसरा आरोपी धुळीपासून जपण्यासाठी शिवलेले कापडी किंवा प्लॅस्टिकचे कव्हर. ते यंत्र बंद असताना ठीक. पण सोय म्हणून फक्त तोंड उघडे ठेवून चालू यंत्रावरही ते तसेच राहते. तिसरा आरोपी जागा: पलंगाखाली, गालिच्यावर, भिंतीला घासून. एसएमपीएस खालच्या बाजूला असलेल्या पेट्या तळातून हवा घेतात. गालिच्यावर ठेवल्या की ते तोंडच बुजते.

कप्प्याची मागची फळी काढणे, दार काढून ठेवणे, पेटी भिंतीपासून वीतभर पुढे ओढणे, खाली दोन लाकडी पट्ट्या सरकवणे. यातल्या कशालाही पैसा लागत नाही. विदर्भात आणखी एक पथ्य आहे. कूलरच्या थेट झोतात यंत्र ठेवू नये. गारवा मिळतो, पण पाण्याचे तुषार आणि त्यांतले क्षार बोर्डावर बसतात.

मग धूळ. साध्या इंटेल प्रोसेसरसोबत येणारा गोल कूलर काढून पाहिला तर सारी गोष्ट डोळ्यांसमोर येते. वरून पंखा स्वच्छ दिसतो, पात्यांच्या कडांवर थोडी राखाडी रेघ तेवढी. पंखा हीटसिंकपासून वेगळा केला की त्या दोघांच्या मध्ये नमद्यासारखी घट्ट चकती सापडते. धूळ, केस, सुताचे तंतू, उदबत्तीची काजळी, सगळे दाबून एकजीव झालेले. ती चिमटीत धरून अखंड उचलता येते. खालचे ॲल्युमिनियमचे पत्रे कोरे असतात, कारण त्यांच्यापर्यंत हवा गेलेलीच नसते. पंखा पूर्ण वेगाने फिरत होता, आवाज करत होता, आणि एक फुंकरही खाली पोहोचत नव्हती. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावांत हवेत तरंगणारे सूत हा थर झपाट्याने जमवते. कोकणातल्या दमट हवेत तीच धूळ चिकट होऊन बसते आणि नुसत्या ब्लोअरने निघत नाही, ब्रश घ्यावा लागतो.

स्वच्छतेसाठी दिवाळीची वाट पाहण्याची पद्धत घरासाठी चांगली आहे. संगणकाला एक हात मार्चमध्ये, ऊन तापण्याआधी, फिरवायला हवा. वीज काढायची, बाजूची पत्री उघडायची, पेटी गच्चीत किंवा गॅलरीत न्यायची आणि ब्लोअरने आतून बाहेर धूळ उडवायची. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची, नाहीतर झोताने ती भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. कूलर काढला असेल तर जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावल्याशिवाय तो परत बसवायचा नाही.

पेटी कोंडलेली आहे की नाही, हे ठरवायला तज्ज्ञ लागत नाही. ‘कोअर टेम्प’ किंवा ‘एचडब्ल्यूइन्फो’ यांसारख्या मोफत प्रणालीत तापमान पाहत एखादे जड काम अर्धा तास चालवावे. मग बाजूची पत्री काढून तेच काम तेवढाच वेळ पुन्हा करावे. पत्री काढल्यावर तापमान दोन-तीन अंशांनी उतरले तर पेटी ठीक आहे. दहा-बारा अंशांनी उतरले तर दोष पेटीचा आहे, प्रोसेसरचा नाही. दुसरी परीक्षा उदबत्तीची. ती पुढच्या जाळीपासून वीतभर अंतरावर धरावी. धूर सरळ आत खेचला गेला तर वाट उघडी आहे. तो जागच्या जागी वर चढत राहिला तर पंखे फिरताहेत, पण हवा येत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. यंत्र स्वतःला सांभाळते, तर एवढी काळजी कशाला? शिवाय उष्णतेने सगळे भाग लवकर मरतात, हे सरसकट खरेही नाही. २००७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी आपल्या एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. मध्यम तापमानात डिस्क बिघडण्याचा उष्णतेशी संबंध समजला जातो त्याहून खूपच क्षीण निघाला. फार उंच तापमानालाच तो ठळक दिसला. तेव्हा भीती घालण्याचे कारण नाही. पण एसएमपीएसमधल्या आणि मदरबोर्डवरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची गोष्ट वेगळी. त्यांचे आयुष्य दर दहा अंशांमागे साधारण निम्मे होते, हा उत्पादकांचा स्वतःचा ठोकताळा आहे. १०५ अंशांना २,००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांना ३२,००० तास जाऊ शकतो, आणि ७५ अंशांना १६,०००. दहा अंशांचा हा फरक म्हणजे दिवसाचे आठ तास चालणाऱ्या यंत्राची पाचहून अधिक वर्षे. यंत्रे दहा-दहा वर्षे वापरणाऱ्या समाजात ही रक्कम लहान नाही.

एसी बसवणे हेही उत्तर नव्हे. ज्यांना परवडतो त्यांना तो लाभो. पण जिल्हा परिषदेच्या शाळेची संगणक खोली, गावातले सेवा केंद्र, गल्लीतले झेरॉक्स-डीटीपीचे दुकान, ही सगळी पंख्याखालीच चालतात आणि चालणार. इंटेलने दोन दशकांपूर्वी कॅबिनेट बनवणाऱ्यांसाठी जे मार्गदर्शन दिले, त्यात खोलीचे तापमान ३५ अंश धरले होते, आणि प्रोसेसरच्या पंख्यापाशी पोहोचणारी हवा ३८ अंशांच्या वर जाऊ नये असे म्हटले होते. म्हणजे पेटीला फक्त तीन अंशांची सूट. त्यासाठी बाजूच्या पत्रीला छिद्रे पाडून तिथून थेट प्रोसेसरपर्यंत नळीही सुचवली होती. ३५ अंश ही आपल्याकडे उन्हाळ्यातली रोजची गोष्ट आहे. चंद्रपूर-अकोल्यात मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ च्या पुढे जातो. पेटीत कुचराई चालवून घेण्याइतकी मोकळीक आपल्या हवामानात मुळातच नाही.

तरीही खरेदीच्या कागदांवर प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांचे आकडे बारकाईने येतात, आणि कॅबिनेटची बहुधा एका शब्दात बोळवण होते. हे बदलता येते, आणि त्याला फार खर्चही नाही. जाळीदार तोंडाची पेटी काचेच्या पेटीहून महाग असलीच पाहिजे असे नाही, आणि एक चांगला १२० मिलिमीटरचा पंखा काहीशे रुपयांत मिळतो. घरासाठी घेणाऱ्याने दुकानात पेटीच्या पुढच्या भागावर हात ठेवून विचारावे: हवा कुठून येते, धूळ अडवणारी जाळी काढून धुता येते का, पुढे आणि मागे प्रत्येकी एक तरी पंखा आहे का? शाळा, ग्रामपंचायती, महाविद्यालये आणि सरकारी खाती यांनी तर पुढच्या खरेदीत एक अट लेखी घालावी. खोलीत ३५ अंश असताना पूर्ण भाराखाली तासभर चालवूनही प्रोसेसरचा वेग कंपनीने छापलेल्या मूळ वेगाखाली उतरता कामा नये, आणि पुरवठादाराने पैसे घेण्याआधी ते समोर चालवून दाखवावे.